गांधारीची पट्टी आणि 'स्पर्श'

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला 'आंधळा' हा शब्द प्रथम भेटतो तो माणूस म्हणून नव्हे, तर रूपक म्हणून. ज्ञानेश्वरीच्या कथाभागाला धृतराष्ट्राच्या प्रश्नाने सुरुवात होते आणि त्या प्रश्नाबरोबरच डोळ्यांचे आंधळेपण पुत्रमोहाचे आंधळेपण होऊन बसते. पुढे पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी भारुडेच रचली. सोंग पाहून श्रोते आधी हसतात, मग अर्थ उलगडतो : ज्याला परमार्थ दिसत नाही तो आंधळा, ज्याच्या कानी हरिकथा पडत नाही तो बहिरा. रूपक म्हणून हे अव्वल दर्जाचे आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र खरोखरच्या दृष्टिहीन माणसाला या रचनेत टेकायला जागा नाही. म्हणींची तऱ्हाही वेगळी नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तेव्हा दळणाऱ्या हातांकडे कोण पाहतो?

उपहास सुटला की गौरव सुरू होतो. विदर्भातील गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांच्या अफाट ग्रंथरचनेमुळे त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटले गेले आणि ते योग्यच होते. परंतु त्यांच्या बाबतीत आम्हांला अधिक लक्षणीय वाटते ते वेगळेच. हा संत स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत असे. म्हणजे प्रज्ञेची पदवी देणारा समाज एका बाजूला आणि आपले मागणे प्रेमाचेच आहे असे सांगणारा तो दृष्टिहीन पुरुष दुसऱ्या बाजूला. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये दृष्टिहीनांची शाळा काढली. शिक्षणाचा प्रश्न असा मार्गी लागत होता. शाळेतून बाहेर पडलेल्या त्या माणसाने कोणावर प्रेम केले तर काय, हा प्रश्न मात्र साहित्याने फारसा मनावर घेतला नाही.

तो मनावर घेतला एका मराठी लेखिकेने, आणि घेतला तो हिंदी चित्रपटात. सई परांजपे यांचा 'स्पर्श' १९८०चा. निर्माते बासू भट्टाचार्य, संगीत कनू रॉय यांचे. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत त्याचे चित्रण झाले आणि नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अनिरुद्ध परमार तिथल्याच दृष्टिहीन मुख्याध्यापकांवरून घडवला गेला. कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. डॉक्टरकडे निघालेला अनिरुद्ध एका गाण्याच्या ओढीने भलत्याच दारात येऊन उभा राहतो. ते दार कविताचे (शबाना आझमी). तीन वर्षांच्या संसारानंतर वैधव्य आलेली ही बाई स्वतःला मिटून घेऊन बसली आहे. पुढे एका मेजवानीत तो तिला आवाजावरून ओळखतो, ती त्याच्या शाळेत मुलांना शिकवायला येऊ लागते, आणि दोघांचे लग्न ठरते.

इथवर ही एक साधी, गोड प्रेमकथा आहे. तिचे मोल पुढे आहे. अनिरुद्धाला 'बिचारा' हा शब्द खपत नाही; मदत हवी, दया नको, हे तो रोखठोक सांगतो. त्याच्या कार्यालयात कॉफीच्या वेळी कविता मदतीला सरसावते, तेव्हा तो भडकतो. यजमान तो आहे! आमच्या वर्गात या प्रसंगावर नेहमी वाद होतो. "सर, एवढं चिडायचं काय कारण? ती तर प्रेमानंच करत होती," असे उमरीच्या आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या मते चित्रपटाचे मर्मही तेथेच आहे. दृष्टिहीन नायकाला चिडखोर, हट्टी, क्वचित अन्यायीही होण्याची मुभा सई परांजपे देतात. संताला ही मुभा नसते, रूपकाला तर नसतेच.

वाङ्‌निश्चयानंतर अनिरुद्धाच्या मनात संशय शिरतो : कविता माझ्यावर प्रेम करते की आपल्या रिकाम्या आयुष्याला त्यागाचे कारण शोधते? आपल्या परंपरेच्या भाषेत मांडायचे तर त्याला गांधारीचे भय वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या त्या राणीला आपण पतिव्रतांच्या ओळीत बसवले. पण धृतराष्ट्राला ती पट्टी हवी होती का, हे आपण कधी विचारले नाही. अनिरुद्ध लग्न मोडतो आणि तो प्रश्न प्रथमच नवऱ्याच्या बाजूने उभा राहतो. तोडून टाकणे हे त्याच्या अहंकाराचे कृत्य आहे, हेही चित्रपट लपवत नाही. कविता त्यानंतरही शाळेतले काम सोडत नाही.

येथे गुलजार यांच्या 'कोशिश'ची (१९७२) आठवण अपरिहार्य आहे. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी रंगवलेले मूकबधिर जोडपे कोण विसरेल? शब्दांवाचून संसार उभा करणारी ती दृश्ये आजही डोळ्यांत पाणी आणतात. पण उत्तरार्धात मूकबधिर मुलीशी लग्न करायला बाप आपल्या ऐकू येणाऱ्या मुलाला भाग पाडतो, आणि त्या मुलीची इच्छा विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. तेथे प्रेम पुन्हा उपकाराच्या वाटेने जाते. 'स्पर्श' आम्हांला उजवा वाटतो तो याच मुद्द्यावर.

पटकथा, अभिनेता आणि हिंदी चित्रपट असे तीन राष्ट्रीय पुरस्कार 'स्पर्श'ला मिळाले. फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचे पुरस्कार मात्र १९८५ साली. तोवर सईबाईंचे 'चश्मेबद्दूर' आणि 'कथा' लोकांच्या तोंडी झाले होते. शेवटचा समेट थोडा घाईत उरकला आहे, असे आमचे मत आहे, पण असो.

अभ्यासकांनी एका गौण पात्राकडे मात्र जरूर पाहावे. अनिरुद्धाच्या मनात संशयाचे बीज पेरतो तो दुबे (ओम पुरी), तोही दृष्टिहीन, नुकताच विधुर झालेला. आपली पत्नी आपल्यापाशी सुखी नव्हती, हे तो सांगतो. ते एका मृत स्त्रीचे मनोगत आहे, आणि आपल्यापर्यंत पोहोचते ते केवळ तिच्या नवऱ्याच्या तोंडून. अनिरुद्धाप्रमाणेच आपणही ते ऐकून घेतो, आणि तिला नेमके काय म्हणायचे होते हे विचारायला कोणी उरलेले नसते.