प्रश्नावली कानांनाही कळावी!

‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या ऑनलाइन प्रश्नावल्या आता सर्वांच्याच परिचयाच्या झाल्या आहेत. बँका, रुग्णालये, महाविद्यालये, सरकारी खाती अशा सर्वांनाच इंटरनेटवरून लोकांचे मत अजमावणे स्वस्त आणि सोयीचे वाटते. मात्र यांपैकी अनेक प्रश्नावल्या दृष्टिहीन व्यक्तींना शेवटपर्यंत भरताच येत नाहीत. एखाद्याने तिसऱ्याच प्रश्नावर प्रयत्न सोडला, तर तो का सोडला याची नोंद कुठेही राहत नाही. निष्कर्ष मात्र ‘सर्वांचे मत’ म्हणून जाहीर होतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. हे लक्षात घेता हा प्रश्न किरकोळ मानता येणार नाही.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरतात ते ‘स्क्रीन रीडर’ या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवते किंवा ब्रेल उपकरणावर उमटवते. ‘जॉज’ हे या प्रकारातील जुने आणि प्रसिद्ध सॉफ्टवेअर होय. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले ‘एनव्हीडीए’ विनामूल्य मिळते. मोबाइलवर ‘टॉकबॅक’ आणि ‘व्हॉइसओव्हर’ हेच काम करतात. माउसचा बाण पाहता येत नसल्याने सारा व्यवहार कळफलकावरून चालतो. ‘टॅब’ने पुढे जायचे, बाणांच्या कळांनी पर्याय ऐकायचे आणि स्पेसबारने निवड करायची.

अडथळे कोठे येतात?

स्क्रीन रीडर पानाचे चित्र पाहत नाही, तर पानामागील सांकेतिक रचना वाचतो. डोळ्यांना प्रश्न आणि त्याखालचे पर्याय एकत्र दिसतात. ते परस्परांशी रचनेत जोडलेले नसतील, तर ऐकणाऱ्याला केवळ ‘रेडिओ बटण, निवडलेले नाही’ एवढेच पाच वेळा ऐकू येते. कोणते बटण ‘उत्तम’ आणि कोणते ‘असमाधानकारक’, हे कळण्यास मार्ग नसतो. अनेक प्रश्न एकाच तक्त्यात मांडण्याची पद्धत तर अधिकच त्रासदायक ठरते. विसाव्या चौकटीत पोहोचेपर्यंत तिची ओळ आणि तिचा स्तंभ कोणता, हे ध्यानात ठेवावे लागते.

हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांना शब्दांत पर्याय नसणे, पसंतीक्रम लावण्यासाठी माउसने ओढून नेण्याची सक्ती, चुकलेला रकाना केवळ लाल रंगाने दाखवणे, ठरावीक वेळ संपताच पान बंद होणे असे इतरही अडथळे असतात. सर्व प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतर अखेरीस चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्यास सांगणारा ‘कॅप्चा’ समोर आला, की आधीचे सारे श्रम वाया जातात.

उपाय अवघड नाहीत

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने संकेतस्थळांच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती आली. भारत सरकारनेही आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रश्नावलीपुरते त्यांचे सार सांगायचे, तर प्रत्येक रकान्याला रचनेतच त्याचे नाव जोडावे. पर्यायांचा गट त्याच्या प्रश्नाशी बांधावा. मोठा तक्ता मोडून सुटे प्रश्न विचारावेत. सक्तीचा प्रश्न असल्यास तसे शब्दांत लिहावे. चूक कोठे झाली आणि ती कशी सुधारावी, हेही शब्दांतच सांगावे. वेळेची मर्यादा असल्यास ती वाढवून घेण्याची सोय द्यावी आणि चित्रमय कॅप्चाला दुसरा पर्याय ठेवावा.

मराठी प्रश्नावलीसाठी आणखी दोन गोष्टी आवश्यक आहेत. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, स्क्रीन रीडरला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे वाटतात. दुसरे म्हणजे, पानाची भाषा मराठी असल्याचे रचनेत नमूद करावे. त्यामुळे वाचनासाठी योग्य आवाज निवडला जाऊ शकतो.

प्रश्नावली तयार झाल्यावर माउस बाजूला ठेवून, पडदा बंद करून ती भरून पाहणे, ही सोपी प्राथमिक चाचणी आहे. खरी कसोटी मात्र रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीकडून ती भरून घेण्यातच आहे.

दया नव्हे, हक्क

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. २०२७ च्या जनगणनेसाठी नागरिकांनी आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याचा पर्याय सरकारने स्वीकारला असल्याने या मुद्द्याचे महत्त्व आणखी वाढले आहे.

‘घरातील कोणाकडून तरी भरून घ्या’ हे यावरचे उत्तर नव्हे. उत्पन्न, आजार, नोकरीतील तक्रार किंवा राजकीय कल यांविषयीचे उत्तर दुसऱ्याच्या हातून लिहून घेताना ते बदलण्याची शक्यता असते. कित्येकदा ते दिलेच जात नाही. डोळस व्यक्तीला जो एकांत सहज मिळतो, तोच दृष्टिहीन व्यक्तीलाही मिळायला हवा. तो मिळाला, तरच तिचे उत्तर खऱ्या अर्थाने तिचे स्वतःचे असेल.