म्हातारपणातला मूलबंध

सकाळच्या आमच्या ज्येष्ठांच्या वर्गात गुडघेदुखी सगळे मोठ्याने सांगतात. लघवीची तक्रार सांगणारा मात्र सतरंजी गुंडाळत मागे रेंगाळतो. "सर, रात्री सारखं उठावं लागतं. खोकलो तरी थेंब गळतो." अशांना मी मूलबंध शिकवतो.

हठयोगाच्या ग्रंथकारांनी हे उघड लिहून ठेवलंय. पंधराव्या शतकाच्या सुमाराचा स्वात्माराम 'हठयोगप्रदीपिके'त सांगतो की टाचेने शिवण दाबून गुदाचं आकुंचन करावं, त्याने मलमूत्र कमी होतं आणि म्हाताराही तरुण होतो. त्याला कुंडलिनी जागवायची होती. पण स्नायू तेच, ओटीपोटाचा तळ पेलून धरणारे.

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान, नौलीसारख्या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांनी, दाबमापकांनी तपासल्या. गुरूने कानात सांगायची विद्या त्यांनी मोजून दाखवली, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

तिकडे लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी 1948 मध्ये याच स्नायूंचा व्यायाम मांडला, तोही बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. आकुंचनाचा जोर मोजायला त्यांनी पेरिनिओमीटर बनवला. पुरुषांची पाळी नंतर आली. कर्करोगामुळे प्रोस्टेट पूर्ण काढली की लघवी रोखायचा भार मुख्यतः बाहेरच्या झडपेवर आणि या स्नायूंवर येतो, म्हणून हाच व्यायाम त्यांनाही देऊ लागले.

मी खुर्चीवर बसवूनच शिकवतो. पाय जमिनीला टेकलेले, पोट आणि कुल्ले सैल, श्वास चालू. वारा अडवताना जे आवळतं तेवढंच आत-वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, मग पाच आकडे पूर्ण सोडायचं. बहुतेक जण पोट आवळतात, दात-ओठ खातात; तेव्हा मी त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवायला लावतो.

याने वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लहान होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. लघवी तुंबली किंवा रक्त दिसलं तर तडक दवाखाना. ज्यांची धार अडते त्यांच्याकडून तर मी सोडण्याचाच सराव जास्त करून घेतो. 'घेरंडसंहिते'तल्या अश्विनी मुद्रेतही आकुंचनाच्या जोडीने पुन्हा पुन्हा सैल सोडणं सांगितलंय. आमच्या मंडळींना तेच जास्त अवघड जातं.