कांद्याच्या निर्यातबंदीमागचं अर्थशास्त्र : जेएनयूचा एम.ए. अभ्यासक्रम

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि बाजार समित्यांत भाव पडले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क होतंच. असे निर्णय का होतात, फायदा कुणाला आणि फटका कुणाला, याचा अभ्यास म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात म्हणजे जेएनयूत ‘जागतिक अर्थव्यवस्था’ हा विशेष विषय घेऊन अर्थशास्त्रात एम.ए. करता येतं. दोन वर्षं, चार सेमिस्टर.

फी खासगी कॉलेजच्या मानाने किरकोळ. खर्च होतो तो राहण्या-जेवणाचा. हॉस्टेल मिळेलच असं नाही.

खरी अडचण गणिताची. आर्ट्सला गेलेली आपली बरीच पोरं दहावीनंतर गणिताला हात लावत नाहीत, आणि इथे कॅलक्युलस, संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढलेली बरी.

प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून. पेपर इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. नुसता परीक्षेचा फॉर्म भरून भागत नाही. जेएनयूच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर मार्क असूनही जागा जाते.