परंड्याची तोफ, पुठ्ठ्याचा नकाशा आणि एक क्लिक



पुतण्या सुट्टीला सोनारीत आला की भैरवनाथाचं दर्शन घेतो आणि लॅपटॉप उघडून बसतो. 'युरोपा युनिव्हर्सालिस' खेळतो. यंदा बहामनी राज्य घेतलं होतं. एका क्लिकवर तोफखाना इकडून तिकडं! मी बघत बसलो आणि मग जरा वाचायला लागलो.

हा खेळ मुळात कॉम्प्युटरचा नाहीच. १९९३ साली फिलिप थिबो या फ्रेंच माणसानं तो पुठ्ठ्यावर आणला. काळ १४९२ ते १७९२. ढीगभर सोंगट्या, तक्ते, फासे, नियमांचं जाडजूड पुस्तक. एक डाव संपवायला कितीतरी बैठका लागायच्या. नकाशे दोन, एक युरोपचा आणि दुसरा 'उरलेल्या जगाचा'. आपण त्या उरलेल्यात.

२००० साली स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनं तो कॉम्प्युटरवर आणला. आळीपाळीच्या चाली गेल्या, सगळ्या राज्यांचं घड्याळ एकदम चालू झालं. आकडेमोड यंत्रानं अंगावर घेतली. २००१ च्या दुसऱ्या भागात तर कुठलंही राज्य घेऊन खेळता यायला लागलं. म्हणजे 'उरलेल्या जगातला' माणूसही डावाचा धनी झाला. हा फायदा छोटा नाही.

पण एक गोष्ट हातची गेली. पुठ्ठ्यावर नियम सगळ्यांसमोर असायचे. "हे असं कसं?" म्हणून भांडता यायचं. आता हिशेब पडद्यामागं होतो आणि पोरं निकालालाच इतिहास समजतात.

आता आपल्या परंड्याकडं या. १६०० साली मुघलांनी नगरचा किल्ला घेतला. राजधानी गेली म्हणजे खेळ खलास, असं कुणालाही वाटेल. पण मलिक अंबरानं परंड्यात दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि मुघलांची रसद तोडत पुढं पाव शतक त्यांना दमवलं. १६२४ ला भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, त्यांनाही हरवलं. खेळातही मुलुखाला पोसवेल त्यापेक्षा फौज मोठी झाली की दर महिन्याला माणसं गळतात. नियम चांगलाच आहे. पण तो मुलूख म्हणजे कुणाची कणगी, कुणाचा कडबा, हे आकडा सांगत नाही.

१६३२ ला मुलुखमैदान तोफ परंड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन! आणि १६३० ते ३२ हा दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा काळ. त्या दिवसांत ओढायला जनावरं कुणाच्या दावणीची होती? त्यांना चारा कुणी घातला? पडद्यावर तोफ नुसती पोचते.

मी खेळाच्या विरोधात नाही. त्याच्यामुळंच तर पुतण्याला किल्ल्यात घेऊन गेलो. बुरुजावर उभा राहून त्यानं विचारलं, "काका, एवढी मोठी तोफ खाली उतरवली कशी?" हा प्रश्न त्याला लॅपटॉपवर कधी पडला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या शाळांतून हा खेळ परत पुठ्ठ्यावर आणू. परंडा, नगर, दौलताबाद, विजापूर असा नकाशा काढायचा. सोंगट्या बैलांच्या, धान्याच्या, पाण्याच्या. नियम पोरांनीच लिहायचे आणि त्यावर पोटभर भांडायचं. तोफ विजापूरला न्यायला किती गावं रिकामी होतात, ते त्यांचं त्यांना कळेल.

कोण कोण तयार आहे? कमेंटमध्ये सांगा. पुठ्ठा माझा.