वंडरस्वान: एका पेन्सिल सेलवर उडालेला हंस

आजचा भाग ऐकता ऐकता एक करा. हातातला फोन उभा धरा, मग आडवा करा, परत उभा. रील बघताना उभा, क्रिकेट बघताना आडवा, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण १९९९ साली जपानमध्ये खेळायचं एक छोटं मशीन आलं, ते मुद्दाम असं दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी बनवलेलं होतं. त्याचं नाव वंडरस्वान. गेमिंगवर तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानेही हे नाव ऐकलेलं नव्हतं. गेमबॉय सगळ्यांना माहीत. आणि गंमत म्हणजे दोन्हींच्या मागे माणूस एकच होता.

गुन्पेई योकोई. जन्म क्योतोचा, १९४१चा. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून १९६५ मध्ये निन्टेंडोत लागला. तेव्हा निन्टेंडो पत्ते बनवायची, आणि ह्याचं काम काय, तर पत्ते छापणाऱ्या मशिन्सची देखभाल. कॅम्पसमधून लागलेल्या आणि पहिली दोन वर्षं 'सपोर्ट प्रोजेक्ट'वर काढलेल्या प्रत्येकाला हे दुःख कळेल. वेळ जाईना म्हणून त्याने कात्रीसारखा लांब होणारा एक हात बनवला. मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. ओरडायचं सोडून ते म्हणाले, याचं खेळणं कर. १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' बाजारात आला आणि दहा लाखांच्या वर खपला.

पुढे याच माणसाने गेम अँड वॉच केला. आज प्रत्येक कंट्रोलरवर दिसणारं अधिकच्या चिन्हासारखं बटण १९८२ मध्ये त्याच मालिकेतल्या डाँकी काँगवर आलं. आणि १९८९ मध्ये गेमबॉय. त्याचं तत्त्व साधं होतं: स्वस्त झालेलं, सगळ्या खाचाखोचा माहीत असलेलं जुनं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच ठिकाणी वापरायचं. लोणच्यासारखं मुरलेलं तंत्रज्ञान म्हणा ना. गेमबॉयचा पडदा रंगीत नव्हता म्हणून लोक हसले. पण प्रतिस्पर्ध्याचं रंगीत गेम गियर सहा सेल घेऊन चार-पाच तासांत झोपायचं, आणि गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. जिंकला कोण, ते सांगायला नको.

मग १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय आला. डोळ्यांना लावायचा, सगळं लाल-काळं, आणि डोकं दुखवणारा. तो साफ आपटला. १९९६ मध्ये योकोईने निन्टेंडो सोडली, 'कोतो' नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी नव्या मशीनचं काम सुरू केलं. १९९७च्या ऑक्टोबरमध्ये महामार्गावर त्याच्या गाडीला किरकोळ धडक बसली. काय झालंय ते बघायला तो खाली उतरला आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६.

वंडरस्वान ४ मार्च १९९९ ला आलं. त्याने ते दुकानात कधी पाहिलंच नाही.

किंमत ४,८०० येन. कृष्णधवल पडदा, आठ छटा. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. आणि सेल? एक. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल, एकच. त्यावर साधारण ३० तास खेळ. गेमबॉय कलरला त्याच सुमारास दोन सेल लागायचे.

आता माझ्यासारख्यांचा जीव जिथे अडकतो ती गोष्ट. आत एनईसीचा व्ही३० एमझेड प्रोसेसर आहे, गती ३.०७२ मेगाहर्ट्झ. हा ८०८६ च्या घराण्यातला. हो, तोच ८०८६! बीटेकला मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये त्या हिरव्या ट्रेनर किटवर एकेक ऑपकोड टाकून दोन आकड्यांची बेरीज केली होती आणि 'हे कुठे वापरतात?' म्हणून कुरकुर केली होती, आठवतंय? मी तर व्हायवात सेगमेंट रजिस्टरवरच अडकलो होतो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की याच इन्स्ट्रक्शन्सवर खेळांचं एक अख्खं कन्सोल चाललंय, तर निदान जर्नल तरी मनापासून लिहिलं असतं.

बटणंही बघण्यासारखी आहेत. डावीकडे चार-चार बटणांचे दोन गट, एकाखाली एक. उजवीकडे ए आणि बी. ज्याने अधिकचं बटण जगाला दिलं, त्याच्या शेवटच्या मशीनवर ते नाही! कारण मशीन उभं धरलं की एक गट दिशेचा होतो आणि दुसरा कामाच्या बटणांचा. अखंड अधिकच्या चिन्हाने हे जमलं नसतं.

बरं, सुरुवात कुठून करायची? माझ्या मते 'गुन्पेई'पासूनच. नाव त्याचंच, त्याच्या आठवणीत दिलेलं, आणि मशीनबरोबर पहिल्याच दिवशी आलेला खेळ. मशीन उभं धरायचं. पाच उभ्या रांगा, त्यांत तिरक्या किंवा कोन केलेल्या रेषांचे तुकडे खालून वर सरकत येतात. एकाच रांगेतले वरचे-खालचे तुकडे अदलाबदल करून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग रेषा जोडायची. जोडली की गायब. तुकडे वरच्या टोकाला पोचले की खेळ संपला. टेट्रिससारखा वाटतो, पण डोकं वेगळं चालवावं लागतं, कारण आडवं काही हलवताच येत नाही. पहिल्या दिवशी मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझा स्टॉप गेला.

दुसरा 'जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड'. याच्यामागची गोष्ट खेळाइतकीच भारी आहे. २००० मध्ये क्यूट या कंपनीने 'वंडरविच' नावाचा संच काढला: पुन्हा लिहिता येणारी कार्ट्रिज, पीसीला जोडायची केबल आणि सी भाषेत प्रोग्राम लिहायची सोय. कन्सोलसाठी खेळ बनवायचा म्हणजे मोठी कंपनी, करार, महागडी यंत्रसामग्री, असा तो काळ. इथे घरात बसलेल्या कुणालाही दार उघडलं. मग स्पर्धा झाल्या, आणि त्यातूनच एम-काई या टोपणनावाच्या प्रोग्रामरचा हा खेळ पुढे आला. विमान, वरून येणाऱ्या गोळ्या, आणि ढाल. मशीन उभं धरल्यामुळे पडदा अगदी विमानांच्या खेळाला हवा तसा लांब होतो. ३ मेगाहर्ट्झवर इतक्या गोळ्या न अडखळता कशा हलतात, हे मी अजून समजून घेतोय. २००४ मध्ये तो दुकानात विकायची कार्ट्रिज म्हणून निघाला, तेव्हा मशीन जवळपास मेलेलंच होतं.

रंगीत आवृत्ती डिसेंबर २००० मध्ये आली, सोबत 'फायनल फँटसी'चा नव्याने रंगवलेला पहिला भाग. तेव्हा स्क्वेअर आणि निन्टेंडो यांचं फाटलेलं होतं, त्यामुळे हातातल्या मशीनवर फायनल फँटसी हवा तर वंडरस्वानच. पुढे प्लेस्टेशनवर आलेली आवृत्ती याच कामावर उभी आहे. मजकूर जपानी असल्याने मी नवख्यांना हा आधी सुचवणार नाही. त्यापेक्षा नामकोचा 'क्लोनोआ: मूनलाइट म्युझियम' घ्या. शत्रूला उचलायचं, त्याच्यावर पाय देऊन उंच उडी मारायची, भाषेवाचून बरंच कळतं. आणि ताल धरता येत असेल तर 'राइम रायडर केरोरिकान'. 'पराप्पा द रॅपर'वाल्यांचाच आहे, छोटासा, गोड.

मग हे बुडालं कसं? मार्च २००१ मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आला. पाठोपाठ स्क्वेअरचं निन्टेंडोशी जुळलं, आणि हंसाचा सर्वांत मोठा आधार गेला. २००२ मध्ये 'स्वानक्रिस्टल' हे चांगल्या पडद्याचं मॉडेल काढलं, पण उशीर झाला होता. अमेरिका-युरोपात हे मशीन अधिकृतपणे विकलंच गेलं नाही, म्हणून इंग्रजीत त्याची आठवण नाही, आणि इंग्रजीत नाही म्हणून आपल्याकडेही नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. या मशीन्सचे पडदे वयानुसार खराब होतायत, काही कार्ट्रिजमधल्या सेव्ह राखणाऱ्या बॅटऱ्या संपतायत. 'सिल्व्हरस्वोर्ड' निदान स्टीमवर विकत मिळतो. 'गुन्पेई' २००६ मध्ये पीएसपी आणि डीएसवर नव्या रूपात आला होता, पण तीही आता जुनी मशीन्सच झाली. बाकीचे बरेच खेळ कुठेच अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. एम्युलेटर फोनवरही चालतात, मेडनाफेनवर आधारलेला कोअर माझ्या तीन वर्षं जुन्या फोनवर आरामात पळतो. खेळांच्या फाइल्सचा कायदेशीर प्रश्न तुमचा तुम्ही बघा. मी जपानहून दोन कार्ट्रिज मागवल्या, खेळापेक्षा कुरिअर महाग पडलं.

आणि कधी खरं मशीन हाती आलं, तर स्टार्ट दाबून धरून चालू करा. ते तुमचं नाव विचारेल, जन्मतारीख विचारेल, आणि मग रक्तगट. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगतात, आपल्याकडे राशीवरून सांगतात तसं. मी बी टाकला. पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, ते त्याने विचारलं नाही.