आरोग्यदूतांचा मुलूख

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आलेल्या गडचिरोलीच्या अरण्यमय मुलुखात, १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी, जेथे शवचिकित्सा दुष्प्राप्य तेथे आप्तांच्या जबानीवरून बालमृत्यूचे कारण ठरविण्याचे निकष सिद्ध केले. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजाताचे वजन करणे, गुदमरलेल्या अर्भकाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन टोचणे ही विद्या देऊन त्यांस आरोग्यदूत नेमले; आणि ३९ गावांतील या प्रयोगाने, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने, नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परिचर्येच्या विद्येवरील शहरी रुग्णालयांची मिरासदारी या प्रयोगाने खालसा केली, हाच इतिहासाचा निवाडा होय.