निमगोरा : अर्ध्या मापाचा शब्द

मागल्या पिढीच्या वधू-वर जाहिरातींत हमखास भेटणारा एक शब्द आज आपण उलगडून पाहू : 'निमगोरा'. मुलगी असली की 'निमगोरी'. उंची, शिक्षण आणि गोत्र यांच्या रांगेत तो निमूट बसलेला असे. आजच्या तरुणांच्या तोंडी तो फारसा नाही, पण घरातल्या आजीला विचारा, ती लगेच अर्थ सांगेल.

शब्द जोडाचा आहे. 'गोरा' आला संस्कृत 'गौर'वरून, आणि 'निम' म्हणजे फारसी 'नीम', अर्धा. निमसरकारी, निमशहरी, नीम हकीम, यांत तोच बसलाय. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी फारसी आपल्या बोलण्यातून गेली नाही. पुढे १९२५ साली माधव ज्यूलियन, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, यांचा अख्खा फारसी-मराठी कोश निघाला. अशी ही फारसी थेट मुलगी दाखवण्याच्या बैठकीपर्यंत येऊन पोचली.

आता गंमत पाहा. हा रंग गोरा आणि सावळा यांच्या मधला. मग त्याला 'निमसावळा' का म्हणू नये? व्याकरणाची हरकत नाही, अर्थही तोच. पण तसं कुणी म्हणत नाही. अर्धं मोजायचं ते गोरेपणच, कारण बैठकीत किंमत त्याला होती. 'उजळ', 'गव्हाळ' हे शब्दही त्याच सोयीचे. आणि ज्या मुलीला यातला एकही लावता येत नसे, तिच्याबद्दल म्हणत, 'रंगानं डावी आहे, पण नाकीडोळी नीटस.' हा 'पण' ऐकत किती मुली वाढल्या असतील!

याच मराठीत विठ्ठल मात्र सावळा आहे. संतांनी तो शब्द किती लाडानं वापरलाय! तिथे 'पण' लागत नाही. म्हणजे शब्दात खोट नव्हती. देव्हाऱ्यात जे रूप, तेच लग्नाच्या बाजारात उणेपण ठरलं.

आज 'निमगोरा' मागे पडलाय. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. चांगलंच झालं. पण बायोडेटाबरोबर फोटो जातो, आणि 'घरी विचारून कळवतो' असं उत्तर येतं. जुन्या जाहिरातीत माप निदान छापलेलं तरी असे. आता ते न बोलता लावलं जातं, आणि न बोललेल्याला जाब विचारणं अवघड असतं. म्हणून म्हणतो, आपल्या घरात स्थळाची चर्चा निघेल तेव्हा तो 'पण' कुठे येतो, तेवढं कान देऊन ऐकू या.